उजव्या बाजूचा पोचा

नऊ मार्च, सोमवार, सकाळी साडेअकरा. रक्कम बत्तीस हजार रुपये, कार्डाने. ठिकाण, सात रस्त्याजवळचं एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचं क्लिनिक, पहिला मजला. हजर होते ते डॉक्टरबाई, त्यांची परिचारिका, माझी मुलगी, तिची आई आणि मी.

मुलीच्या नाकात जेल भरून घ्यायचं होतं. हे ऑपरेशन नसतं. सुईने जेल कातडीखाली सोडतात, खोल भाग भरून निघतो आणि नाक सरळ दिसतं. तिचं लग्न सात आठवड्यांवर आलं होतं. नाकाच्या उजव्या बाजूला, डोळ्यापासून बोटभर खाली, तिचं हाड आत दबलेलं होतं. समोरून बघितलं की नाक डावीकडे सरकल्यासारखं दिसायचं. बारा वर्षांत तिने एकही फोटो उजवीकडून काढू दिला नव्हता. साखरपुड्याच्या फोटोग्राफरने तिची हनुवटी धरून मान वळवली तेव्हा ती उठून आत गेली होती.

पैसे मी देतो, असं मीच म्हणालो. तो पोचा मी पाडलेला होता. क्लिनिकमध्ये त्या दिवशी जे सांगितलं नाही ते इथे आधी लिहितो.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि वर घर. बारा वर्षांपूर्वी बायको केमला तिच्या भावाकडे बारशाला गेली होती. दोन दिवसांचं सांगून गेली आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी आली. आल्या आल्या तिने भाकऱ्या टाकल्या. मी आणि मुलगी जेवायला बसलो. मुलगी चौदा वर्षांची होती.

"दोन म्हणजे किती?" मी विचारलं.

"वैनीला बरं नव्हतं की. दुकानात फोन केला हुता मी."

"फोनचं विचारलं नाही. दोन म्हणजे किती?"

"चार," ती म्हणाली. "मारायचं असंल तर मारा. पर पोरगी जेवतिया, तिचं तेवढं हुंद्या."

मी तिचं होऊ दिलं नाही. उठून बायकोच्या दोन कानफटात दिल्या, केस धरून तिला चुलीच्या ओट्यापासून भिंतीपर्यंत ओढत नेलं आणि भिंतीवर डोकं आपटलं. एकदा की दोनदा, ते मला खात्रीने सांगता येत नाही. माझे वडील मोजपट्टीच्या काठीने मारत. काठी एका खुंटीला टांगलेली असे, ती काढेपर्यंत माणसाला पळायला वेळ मिळे. मी हाताला लागेल त्याने मारत असे. त्या संध्याकाळी हाताला पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या लागला. तो मी बायकोच्या तोंडावर फेकला आणि मुलगी मध्ये आली.

अंतर चार फूटही नव्हतं. तीस वर्षं भांडी विकतोय, भांडं कशावर पडलं ते मी पाठमोरा असतानाही सांगू शकतो. फरशीचा आवाज वेगळा, लाकडाचा वेगळा. हा त्यातला कुठलाच नव्हता. मुलगी खाली बसली. रक्त तिच्या ओंजळीतून तिच्याच ताटात पडत होतं आणि ताटातली भाकरी ते शोषून घेत होती.

"साक," बायको म्हणत होती, "साक, साक." साक म्हणजे पुरे. ती केमची, माहेरी निव्वळ मराठी. कन्नड तिला आमच्या घरात येऊन आलं, आणि तिला बोलता आलेला पहिला शब्द बहुधा हाच असावा.

गल्लीतल्या डॉक्टरांना मी सांगितलं, चौकटीवर आपटली. त्यांनी नाकात कापूस भरला आणि म्हणाले, हाडाचा फोटो काढा, आठ दिवसांच्या आत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, हाड ताजं असेपर्यंत जागेवर बसवता येतं. मी नेलं नाही. पैशाचा प्रश्न नव्हता. मोठ्या दवाखान्यात कागद होतो, आणि मुलीला एकटीला आत घेऊन विचारतात. आठ दिवस गेले, मग पंधरा. सूज उतरली आणि हाड होतं तिथेच बसलं.

दुसऱ्या दिवशी मी तो तांब्या दुकानातल्या काट्यावर ठेवला होता. रिकामा चारशे दहा ग्रॅम. भरलेला पावणेदोन किलो. कशासाठी वजन केलं, तेव्हाही कळलं नाही. तांब्याच्या पोटालाही पोचा पडला होता. पितळेचा पोचा कारागीर लाकडी हातोडीने काढून देतो, स्टील मात्र ठोकलं की आणखी वेडंवाकडं होतं. म्हणून तसाच राहिला. पाणी गळत नव्हतं, तेव्हा टाकायचं कारण नव्हतं. पोचा भिंतीकडे करून तो पिण्याच्या पाण्याला वापरात राहिला.

त्यानंतर एक पद्धत घरात पडली. कुणी ठरवली नाही, पडली. बाहेरच्याने घरातल्या कुणालाही काही विचारलं तर उत्तर मी द्यायचं. शाळेत बाई मुलीला विचारत, नाकाला काय झालं गं? मी शेजारी असलो तर मी सांगे. नसलो तर ती म्हणे, अप्पांना विचारा.

मारणं नंतर कमी झालं. थांबलं असं लिहिता येणार नाही.

आता मार्चमधलं.

क्लिनिक ठरवण्याआधी मी तीन ठिकाणी चौकशी केली. पहिलं ब्युटी पार्लर होतं. तिथली मुलगी म्हणाली, नऊ हजार, दहा मिनिटांत घरी. मी विचारलं, जेल कुठलं? म्हणाली, इम्पोर्टेड. मी विचारलं, बिघडलं तर विरघळवायचं औषध तुमच्याकडे आहे का? "काही होत नाही अंकल," ती म्हणाली, "तुम्ही फारच टेन्शन घेता बुवा." मी जिना उतरलो. दुसऱ्या ठिकाणचा डॉक्टर खराच डॉक्टर होता, पण त्याचं जेल कायमचं होतं. आयुष्यभर जात नाही, हे तो फायदा म्हणून सांगत होता. जी वस्तू परत घेता येत नाही ती मी दुकानातही विकत नाही.

तिसऱ्या या डॉक्टरबाई. माझ्या प्रश्नांची त्यांनी एकेक करून उत्तरं दिली. जेल विरघळणारं होतं. डबी आमच्यासमोर फोडणार होत्या. त्यावरची तारीख त्यांनी मला वाचायला दिली. विरघळवायच्या औषधाच्या कुप्या फ्रिजमध्ये होत्या. मी बघायला मागितल्या तर त्यांनी फ्रिज उघडून दाखवल्या. मी मोजल्या, सहा होत्या.

"याने नाक लहान होत नाही," त्या मुलीला म्हणाल्या. "खड्डा भरतो, म्हणून सरळ दिसतं. वर्षभर टिकतं, फार तर दीड. आणि हेही ऐकून घ्या. चेहऱ्यावर जेल भरायला नाकाइतकी धोक्याची जागा दुसरी नाही. इथल्या रक्तवाहिन्या बारीक असतात, काही डोळ्याकडे जाणाऱ्यांना जोडलेल्या असतात. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढचं रक्त थांबतं. कातडी मरते. क्वचित डोळा जातो. हे ऐकून तुम्ही घरी गेलात तरी मला काही वाटणार नाही."

"मी वाचलंय मॅडम," मुलगी म्हणाली. ती खासगी क्लासमध्ये गणित शिकवते, वाचल्याशिवाय कुठे सही करत नाही.

डॉक्टरबाईंनी तिच्या नाकावरून अंगठा फिरवला, दबलेल्या जागी थांबवला आणि पुन्हा फिरवला.

"इथे पूर्वी मार लागला होता?"

मुलीने तोंड उघडलं होतं. एवढं मी पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "जन्मापासून तसंच आहे."

"मी मुद्दाम विचारतेय," त्या आता माझ्याकडे बघून बोलत होत्या. "जुना मार असेल तर आत वण असतो, रक्तवाहिन्या नेहमीच्या जागी नसतात. मग मी सुई लावणार नाही, आधी नाकाच्या सर्जनकडे पाठवीन. फ्रॅक्चर, ऑपरेशन, काहीही?"

त्यांची बोटं कीबोर्डवर होती. माझं लक्ष त्या बोटांवर होतं. लिहिलेलं राहतं, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही.

"काही नाही हो. आमच्याकडे सगळ्यांची नाकं अशीच."

माझं नाक सरळ आहे. त्यांनी ते पाहिलं असणार. बायको फरशीकडे बघत होती. मुलीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग पेन उचलून सही केली. तीही बारा वर्षं या पद्धतीत वाढली होती.

सगळे प्रश्न मी विचारले होते. मला मात्र एकच विचारला गेला.

काम वीस मिनिटांचं होतं. थोडं जेल सोडायचं, थांबायचं, बोटाने कातडी दाबून रंग बघायचा, पुन्हा थोडं. सुई नाकात शिरली तेव्हा मुलीच्या पायाची बोटं चपलेत आवळली गेली. मग डॉक्टरबाईंनी आरसा दिला. खड्डा गेला होता. तिने मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली, पुन्हा उजवीकडे वळवली. आईला म्हणाली, "अव्वा, बघ की." तिची आई बघत राहिली आणि पदराने स्वतःचंच नाक पुसलं.

निघताना एक कागद दिला होता. नाक दाबू नये, चष्मा टेकवू नये, पालथं झोपू नये. खाली ठळक अक्षरांत होतं की दुखणं वाढत गेलं, कातडी पांढरी पडली, निळसर जाळी दिसली किंवा नजर अंधुक झाली तर एक मिनिटही न थांबता फोन करा.

दोन वाजता जेवताना ती म्हणाली, ठणकतंय. सुई गेलीय, ठणकणारच, मी म्हणालो. थोड्या वेळाने ती ताट तसंच ठेवून आडवी झाली. साडेतीनला बायकोने मला हाक मारली.

नाकाचा शेंडा आणि उजवी पाकळी पांढरी पडली होती, खडूसारखी. पाकळीपासून गालाकडे जांभळट रेघांचं जाळं गेलं होतं.

"ह्या कागदावर हेच लिवलंय," बायको म्हणाली. तिला वाचायला वेळ लागतो. ती बोट ठेवून वाचत होती. "पांढरं… जाळी… फोन करा."

"सूज आहे. बर्फ आण."

"बर्फाचं कुटं लिवलंय ह्यात?"

"बर्फ आण म्हणतोय ना."

मीच फ्रिजमधून बर्फ आणला, रुमालात बांधला आणि मुलीच्या नाकावर धरला. रक्त कमी पडून मरत चाललेल्या कातडीवर मी बर्फ दाबत होतो, हे मला नंतर कळलं. मुलगी ओरडली. तिने माझा हात ढकलला. मी तिचं मनगट गादीवर दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने बर्फ दाबला. "हलू नको," मी म्हणत होतो, "हललीस तर आणखी दुखेल." ती टाचा आपटत होती.

मला फोन का करायचा नव्हता, हे मला माहीत होतं. फोन केला तर त्या पहिला प्रश्न तोच विचारणार होत्या.

"अप्पा, मला उजव्या डोळ्याने धूसर दिसतंय," मुलगी म्हणाली.

बायकोने माझा मोबाइल उचलला. मी उठून तिचा हात पिरगळला आणि मोबाइल काढून घेतला. तिच्या दोन बांगड्या फुटल्या. तिला भिंतीकडे ढकललं. भिंत तीच, ओट्यापलीकडची. मी पुन्हा गादीकडे वळलो.

तांब्या माझ्या डाव्या भुवईच्या वर लागला. भरलेला होता. मी गुडघ्यांवर आलो. पाणी आणि रक्त डोळ्यांत गेलं, आणि मी बघायचा प्रयत्न करत असतानाच दुसरा फटका खांद्याच्या हाडावर बसला. तिने तांब्या फेकला नव्हता. काठाला धरून, जवळ येऊन मारला होता.

"साक," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "साक झालं आता. उटा, न्हायतर हितंच पडा. मी पोरीला घिऊन चालले."

ती मुलीला उभी करून जिना उतरली. मी भिंत धरत मागे गेलो. कोपऱ्यावर रिक्षा होती. रिक्षावाला ओळखीचा, दुकानाचा माल नेणारा. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"चाचा, माथे कू क्या हुआ? गिरे क्या?"

मी तोंड उघडलं.

"मी मारलं," बायको म्हणाली. "तू सात रस्त्याला हाण. पोरीचं नाक चाललंय."

त्याने लगेच रिक्षा वळवली. सिग्नलही त्याने पाळला नाही. मला आठवतं ते एवढंच की त्या रिक्षात, सत्तावीस की अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, बाहेरच्या माणसाने विचारलं आणि माझ्या बायकोने खरं उत्तर दिलं. आणि काही कोसळलं नाही. रिक्षा चालत होती.

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही क्लिनिकमध्ये होतो. डॉक्टरबाईंनी मुलीकडे एकदा पाहिलं, समोरच्या पेशंटला बाहेर बसवलं आणि परिचारिकेला म्हणाल्या, सगळ्या कुप्या काढ.

"कधीपासून?"

"दोनपासून ठणकतंय," मुलगी म्हणाली.

"दोनपासून? मग फोन का नाही केलात?"

तेव्हा मी ओरडायला लागलो. माझ्या कपाळातून रक्त येत होतं आणि मी त्यांच्या टेबलावर मुठी आपटत होतो. बत्तीस हजार मोजून घेतले, म्हणालो, पोरीचं तोंड सडवलं, पोलिसात जातो, पाटी उतरवतो. परिचारिका मध्ये आली तिला मी बाजूला ढकललं. टेबलावरचा आरसा, सकाळचाच, मी उचलून आपटला. काचा खुर्चीखाली गेल्या. डॉक्टरबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्या सिरिंज भरत होत्या. पण माझा हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला होता, हेही लिहायला हवं.

"बारा वर्षांपूर्वी अप्पांनी तांब्या मारला होता," मुलगी म्हणाली.

ती आडवी होती, डोळे छताकडे. क्लासमध्ये उदाहरण सांगावं तसं सांगत होती.

"पाण्याने भरलेला होता. हाड मोडलं. फोटो काढला नाही, दाखवलं नाही. सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा ते खोटं बोलले आणि मी गप्प बसले. आता तुम्हाला काय करायचं ते करा मॅडम, पण लवकर करा."

माझा हात खाली आला.

डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "सकाळी हे कळलं असतं तर मी सुईला हात लावला नसता." मग त्या कामाला लागल्या. तिला एक गोळी चावून खायला दिली, नाकावर गरम पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या. एका हाताने डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, दुसऱ्या हाताची बोटं मुलीच्या उजव्या डोळ्यासमोर धरली. किती? तीन. आता? दोन. बरोबर होतं. बर्फाचं आणि रडण्याचं पाणी डोळ्यात साचलं होतं म्हणून धूसर दिसत होतं. पण ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी येऊन तपासेपर्यंत तासभर कुणालाच माहीत नव्हतं.

"डोकं घट्ट धरा कुणीतरी. हे दुखणार आहे."

मी पुढे झालो. तिच्या दोन्ही कानांवर तळवे ठेवले.

"तुम्ही नको," मुलगी म्हणाली. "हात काढा."

तिची आई पुढे आली. मी दाराशी उभा राहिलो.

ते औषध नुसतं टोचून भागत नाही. आधी टोचतात, मग अंगठ्याने जोर लावून चोळतात, जेल विरघळून रक्त सुटावं म्हणून. सकाळी जितक्या हळू हाताने भरलं होतं तितक्याच जोराने आता काढत होत्या. सुया मी मोजल्या. पहिल्या खेपेला नऊ. मुलीने आईचा पदर दातांत धरला होता, नवव्या सुईला तो टराटर फाटला. तासाभराने पुन्हा सात. मग पुन्हा सहा. दर वेळी डॉक्टरबाई कातडी दाबत आणि रंग परत येतो का ते बघत. पांढरं, पांढरं, पांढरं. सात वाजायच्या सुमाराला पाकळी दाबून सोडल्यावर तिथे गुलाबी रंग चढला, सावकाश. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा चढला. त्या स्टुलावर बसल्या आणि हातमोजे काढले.

फ्रिजमधल्या सहाच्या सहा कुप्या संपल्या होत्या.

माझ्या भुवईला त्यांनीच चार टाके घातले, भूल न देता. तसं करायचं ठरवून होतं की औषध संपलं होतं, मी विचारलं नाही. टाका घालताना त्या म्हणाल्या, "हे कशाने लागलं?"

खोलीत बायको होती, मुलगी होती. दोघींपैकी कुणीही माझ्यासाठी बोलली नाही.

"बायकोने तांब्या मारला," मी म्हणालो.

"तोच?"

"तोच."

त्यांनी ते लिहून घेतलं.

नाक वाचलं. उजव्या पाकळीच्या घडीत मसुरीच्या डाळीएवढी कातडी काळी पडून गेली, तिथे आता वण आहे. डोळा शाबूत आहे. जेल सगळं विरघळलं, त्यामुळे खड्डा जसाच्या तसा परत आला, आणि शेजारी हा नवा वण. आठवडाभर रोज तिला दाखवायला न्यावं लागलं. ती आईबरोबर त्याच रिक्षाने गेली. विरघळवायच्या औषधाचे पैसे आणि आरशाचे पैसे मी पाठवले, डॉक्टरबाईंनी ते घेतले आणि पावती दिली. पावतीवर आरसा वेगळ्या ओळीत लिहिला होता.

लग्नाच्या आधी मुलीने नवऱ्यामुलाला घरी बोलावलं आणि माझ्यासमोर त्याला सगळं सांगितलं. मी त्या खोलीत बसावं असं तिनेच सांगितलं होतं. तो सोलापूर सोडून कधी बाहेर न राहिलेला, साधा मुलगा. ऐकून घेतल्यावर त्याने मला विचारलं, "खरं हाय का हे?" मी हो म्हणालो. त्याने चहा तेवढा घेतला नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं. मुलीचा हात देताना माझ्या जागी केमचा मामा बसला, तिने आधीच सांगून ठेवलं होतं. मी मांडवाच्या दाराशी उभा राहून येणाऱ्यांना नमस्कार करत होतो. चारदोन जणांनी विचारलं, तुम्ही का नाही बसलात? "तिला नको होतं," मी म्हणालो. लोक अशा उत्तरावर पुढे विचारत नाहीत. फोटो तिने दोन्ही बाजूंनी काढून घेतले.

तांब्या आता पोचा बाहेरच्या बाजूला करून ठेवलेला असतो. बायकोने तसा फिरवला. त्यालाही आता दोन पोचे आहेत. त्या दिवसानंतर मी तिच्या अंगाला हात लावलेला नाही. याचं श्रेय मी घेत नाही, भुवई अजून पावसाळी हवेत ठणकते.

सहा महिन्यांनी मुलीच्या नाकाचं खरं ऑपरेशन झालं, हाड पुन्हा तोडून जागेवर बसवायचं. डॉक्टरबाईंनीच सर्जन सुचवला होता. जावयाला त्या दिवशी रजा नव्हती, म्हणून गाडी मी चालवली. बायको मागे तिच्याशेजारी बसली. दवाखान्याच्या खिडकीवर कारकून फॉर्म भरत होता. नाव, वय, पत्ता. मग मान वर न करता म्हणाला, "इजा कशाने?"

सवयीने माझे ओठ सुटले होते. मी ते मिटले.

"वडिलांनी तांब्या मारला," मुलगी म्हणाली. "मी चौदा वर्षांची होते."

कारकुनाने टाइप केलं. एकदा थांबून विचारलं, "तांब्या म्हणजे, पाण्याचा?" "हो," ती म्हणाली, "भरलेला." तेही त्याने टाइप केलं. माझ्या खिशात चेक तयार होता, रक्कम घातलेली आणि सही केलेली. मी तो काढून खिडकीच्या फळीवर ठेवला. तिने तो बघितला, बोटाने माझ्याकडे सरकवला आणि स्वतःचं कार्ड आत दिलं. एक लाख दहा हजार, तिच्या पगारातले, दवाखान्याला. पावती तिच्या नावाची झाली.

मी दिले ते वीस रुपये, गाडी लावायचे, फाटकावरच्या माणसाला.